'ध' चा 'मा' नक्की कुणी केला? एका जुन्या खुनावरून पुरावा वाचायला शिकूया

आमच्या आळेफाट्याच्या घरी आजी ओट्यावर बसून आख्ख्या आळीच्या भांडणांचा निवाडा करायची. कुठल्या घरात दोघा भावांचं फाटलं, सातबाऱ्यावरून बोलणं बंद झालं, की आजीचा निकाल ठरलेला असायचा: "पोरं वाईट नाहीत गं, धाकट्याची बायको आनंदीबाई आहे नुसती!" लहानपणी मला वाटायचं, आनंदीबाई ही आमच्याच वाडीतली कुणीतरी बाई असणार. ही बाई पेशव्यांच्या घरातली आणि तिच्या नावावर एक खून लावलेला आहे, हे नंतर शाळेत कळलं. तो खून तिच्या नावावर नक्की कुणी आणि कशाच्या जोरावर लावला, हा प्रश्न मात्र पीएचडीला आल्यावर पडला.

फाट्यावरच्या चौकात उभं राहिलं की एक एसटी पुण्याला जाते. तिथे शनिवारवाडा, म्हणजे खुनाची जागा. दुसरी जाते नाशिकला. तिथे गोदावरीच्या काठी आनंदवल्ली आहे. आनंदीबाईंचं शेवटचं वास्तव्य तिथलं, आणि १७९४ मध्ये त्या तिथेच गेल्या. या दोन टोकांच्या मधोमध मी वाढले, पण गोष्ट ऐकली ती एकाच बाजूची.

तुमच्यापैकी बरेच जण आता पेट देऊन संशोधन प्रस्ताव लिहायच्या तयारीत असतील. त्यातला 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हा भाग आपण सगळे सोपा समजतो: पाच-दहा पेपर वाचायचे, प्रत्येकातलं एकेक वाक्य उचलायचं, झालं. मीही तेच करायचे. आज हा खून मी तुमच्यापुढे ठेवते आहे तो एवढ्याचसाठी. एखादं विधान 'सगळ्यांना माहीत आहे' असं असतं, तेव्हा ते उलगडायचं कसं, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. मी इतिहासाची नाही, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. पण पुराव्याची शिस्त दोन्हीकडे एकच.

आधी घटना

नानासाहेब पेशव्यांना तीन मुलगे. थोरले विश्वासराव पानिपतावर १७६१ मध्ये पडले. मधले माधवराव पेशवे झाले. नानासाहेबांचे धाकटे भाऊ रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांचं आणि पुतण्याचं सत्तेवरून सतत बिनसत राहिलं. १७६२ मध्ये काका-पुतण्यांची लढाई झाली. तीत पुतण्या हरला आणि आळेगावाजवळ काकांना शरण गेला. (हे आळेगाव भीमेकडचं. आमच्या आळ्याशी त्याचा संबंध नाही. नावं सारखी दिसली की जागा एकच धरायची नाही, हा पहिला छोटा धडा.) १७६८ मध्ये धोडपला उलटं झालं. माधवरावांनी काकांना हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. गादी सतरा वर्षांच्या नारायणरावांकडे आली. काही दिवस काका-पुतण्यांचं बरं चाललं, पण एप्रिल १७७३ मध्ये नारायणरावांनीही काकांना वाड्यातच अडकवून ठेवलं. म्हणजे ऑगस्टमध्ये चित्र असं होतं: एकाच वाड्यात अठरा वर्षांचा पेशवा, आणि त्याच वाड्यात त्याचा कैदी असलेला सख्खा काका.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. वाड्याच्या पहाऱ्यावरच्या गारदी शिपायांमध्ये काहीतरी शिजतंय याची कुणकुण सकाळीच लागली होती. बंदोबस्त करायला हरिपंत फडक्यांना सांगितलंही गेलं, पण तो वेळेत झाला नाही. दुपारी पगाराच्या बाकीचं निमित्त करून गारदी आत घुसले. सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरकसिंग हे त्यांचे म्होरके, आणि त्यांच्या जोडीला तुळाजी पवार. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना बिलगले. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवायला अंगावर आडवा पडला. दोघेही मारले गेले.

वर्ष संपायच्या आत राघोबादादा पेशवे झाले. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, त्यांना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवा केलं. तेच सवाई माधवराव. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. त्यात साष्टी आणि वसई द्यायचं कबूल केलं. मग जे इंग्रज-मराठा युद्ध पेटलं ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. एका घरातल्या वादाने राज्यात परक्याला वाट मिळाली. म्हणूनच हा खून कुणी केला आणि कुणी करवला, याला तेव्हापासून एवढं वजन आहे.

जे तपासता येतं ते तपासून घ्या

पहिली सवय: दुसऱ्याचं वाक्य घेण्याआधी त्यातला जो भाग आपल्याला स्वतः तपासता येतो, तो तपासायचा.

जुनी मिती आहे भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५, वार सोमवार. पुस्तकं म्हणतात ३० ऑगस्ट १७७३. हे दोन्ही जुळतं का? कागद-पेन घ्या.

६ जानेवारी २००० ला अमावास्या होती आणि वार गुरुवार होता. ३० ऑगस्ट १७७३ पासून तिथपर्यंत किती दिवस? ३० ऑगस्ट १९९९ पर्यंत २२६ वर्षं. २२६ गुणिले ३६५ म्हणजे ८२,४९०. मधली लीप वर्षं ५४ (१८०० आणि १९०० ही लीप वर्षं नव्हेत, इथेच बहुतेक जण चुकतात). झाले ८२,५४४. पुढचे ६ जानेवारीपर्यंतचे १२९ दिवस मिळवले की ८२,६७३.

आता याला सातने भागा. बाकी ३ उरते. गुरुवारच्या तीन दिवस मागे सोमवार. वार जुळला.

तिथीसाठी हीच संख्या २९.५३०५९ ने भागा, कारण एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी तेवढे दिवस जातात. २,७९९ पूर्ण चांद्रमास होतात आणि साधारण १७ दिवस उरतात. म्हणजे खुनाच्या दिवसानंतर साधारण १७ दिवसांनी अमावास्या आली. तर आधीची अमावास्या साधारण साडेबारा दिवसांपूर्वी होऊन गेली असणार. एक तिथी सरासरी ०.९८४ दिवसाची, त्यामुळे बारा तिथ्या संपून तेरावी चालू. त्रयोदशी! चंद्राची गती कमीजास्त होते म्हणून या हिशोबात अर्ध्या-पाऊण दिवसाचा फरक पडू शकतो, पण चित्र स्वच्छ आहे. अनंत चतुर्दशीच्या तोंडावरचा सोमवार.

मला स्वतःला हा हिशोब करताना फार मजा आली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका दिवसाला आपण कॅल्क्युलेटरने हात लावला असं वाटलं. पण इथेच सावध व्हायचं. तारीख पक्की झाली म्हणून गोष्ट पक्की झाली का? नाही. ज्या कागदात मिती अचूक आहे, त्यात आरोपही अचूक असेलच असं नाही. विधानाच्या एका भागाची खात्री दुसऱ्या भागाला उसनी देता येत नाही. आपल्या पेपरमध्ये हे सर्रास घडतं. उपकरणाचं मोजमाप दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत अचूक असतं, आणि त्या अचूकतेच्या भरात निष्कर्षही तितकाच अचूक वाटू लागतो.

आता ती चिठ्ठी

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी: राघोबादादांनी गारद्यांना चिठ्ठी दिली, 'नारायणरावांस धरावे'. आनंदीबाईंनी गुपचूप 'ध' चा 'मा' केला. चिठ्ठी झाली 'मारावे'. मराठीत 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच होऊन बसला.

ही गोष्ट छापील रूपात फार लोकांपर्यंत नेणाऱ्यांत एक मोठं नाव आहे जेम्स ग्रँट डफ. हा कंपनी सरकारचा साताऱ्याचा अधिकारी. त्याचा मराठ्यांच्या इतिहासाचा तीन खंडांचा ग्रंथ १८२६ मध्ये आला, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. डफचा स्वतःचा जन्म १७८९ चा. त्याने बरेच मराठी कागद पाहिले होते, जुन्या माणसांशी तो बोलला होता, त्यामुळे त्याला उडवून लावायचं कारण नाही. पण त्याचा हा मजकूर सावकाश वाचला तर त्यात तीन वेगवेगळ्या दर्जाची विधानं एका दमात येतात. माझ्या शब्दांत सांगते.

एक: राघोबादादांनी रामशास्त्री प्रभुण्यांपुढे कबूल केलं की धरण्याचा लेखी हुकूम मी दिला होता, मारण्याचा नाही.

दोन: पुढे तो मूळ कागद रामशास्त्र्यांना मिळाला आणि 'धरावे'चं 'मारावे' केलेलं त्यात आढळलं.

तीन: हा बदल आनंदीबाईंनी केला असं सगळे मानतात.

तिन्ही वाक्यं लागोपाठ वाचली की एकच गोष्ट वाटते. आता एकेक वेगळं काढू.

पहिलं विधान हा आरोपीचा जबाब आहे. जबाबाचे दोन भाग पाडायचे: स्वतःच्या अंगाशी येणारा आणि स्वतःला वाचवणारा. 'मी धरण्याचा हुकूम दिला' हा भाग अंगाशी येणारा आहे. कैदेतल्या काकाने गादीवरच्या पेशव्याला धरायला सांगणं हा काही किरकोळ गुन्हा नव्हे. त्यामुळे या भागाला जास्त वजन द्यावं. 'मारण्याचा दिला नव्हता' हा भाग स्वतःला वाचवणारा आहे. तो खोटा असेलच असं नाही, पण नुसत्या शब्दावर घ्यायचाही नाही.

दुसरं विधान सगळ्यात मोलाचं, कारण ते एका वस्तूबद्दल आहे. कागद तपासता येतो: अक्षर कुणाचं, शाई एक की दोन, खाडाखोड कशी. पण तो कागद आज आपल्या टेबलावर नाही. आपल्याकडे आहे तो 'कागद होता' हा निरोप. आणि तोही पन्नास वर्षांनी लिहिलेला.

तिसरं विधान तर पुरावाच नाही. 'सगळे मानतात' हे लोकांच्या मनाबद्दलचं वाक्य आहे, चिठ्ठीबद्दलचं नाही. डफने निदान ते 'मानतात' म्हणून लिहिलं. त्याच्यानंतरच्या सांगणाऱ्यांकडून 'मानतात' गळून पडलं आणि 'आनंदीबाईंनी केला' एवढंच उरलं.

हा गळून पडणारा शब्द लक्षात ठेवा. पुढे परत येणार आहे.

फळ्यावरचा 'ध' आणि बोरूचा 'ध'

शाळेत बाई फळ्यावर 'धरावे' लिहून, 'ध' पुसून 'मा' करून दाखवायच्या. आम्हाला पटायचं. पण तेव्हाचा व्यवहार मोडीत चालायचा, देवनागरीत नाही. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरूने अक्षरं लिहायची. शब्दांमध्ये आपल्यासारखी मोकळी जागा सोडायची पद्धत नव्हती. आणि नीट पाहा, इथे एक अक्षर बदलून भागत नाही. 'धरावे'चं 'मारावे' करायला 'ध'चा 'म' करावा लागतो, आणि शिवाय त्याला काना जोडावा लागतो, तोही पुढच्या 'रा'ला धक्का न लावता.

म्हणजे 'ध चा मा' ही तपासता येणारी गोष्ट आहे. ओळखीत कुणी मोडी लिपी शिकलेलं असेल तर त्यांच्याकडून तेव्हाच्या वळणात दोन्ही शब्द लिहून घ्या आणि एकावर दुसरा करता येतो का, केला तर डोळ्याला कळतो का, ते बघा. पण फळ्यावरच्या देवनागरी प्रयोगावरून मोडी कागदाबद्दल निष्कर्ष काढू नका. ज्या माध्यमात घटना घडली, चाचणी त्याच माध्यमात. पाण्यातली अभिक्रिया अल्कोहोलमध्ये करून पाहायची आणि निकाल पाण्याच्या नावावर खपवायचा, तसलाच हा प्रकार.

समजा, कागद खरा होता. तरीही?

आता रामशास्त्र्यांना तसा बदललेला कागद खरोखर मिळाला होता, असं धरून चालू. त्यावरून काय सिद्ध होतं? एवढंच की कुणीतरी अक्षर बदललं. कुणी, हे कागद सांगत नाही. शक्यता मांडून बघा.

चिठ्ठी लिहिणारा कारकून बदलू शकतो. ती पोचवणारा माणूस बदलू शकतो. ज्यांच्या हातात ती गेली ते गारदी बदलू शकतात, कारण धरलेला पेशवा उद्या सुटला असता तर मान त्यांचीच जाणार होती. हे गारद्यांच्या वागण्याशी जुळतंही. नारायणराव काकांना बिलगल्यावर दादा मध्ये पडले, तेव्हा सुमेरसिंगाने 'सोडा, नाहीतर तुम्हीही मराल' अशा अर्थाचं दरडावलं, अशी हकिगत सांगितली जाते. आनंदीबाईही बदलू शकतात. नवरा कैदेत, मुक्काम त्याच वाड्यात, हेतू आहेच.

आणि एक शक्यता, जी गोष्ट सांगताना कुणी घेतच नाही: बदल खुनानंतर केलेला असू शकतो. 'धरावे' खोडून 'मारावे' केल्याचा कागद कुणाच्या उपयोगाचा? सरळ आहे, राघोबादादांच्या. 'बघा, मी तर धरा म्हणालो होतो.' असा कागद म्हणजे त्यांचा बचावच.

पाच शक्यता. यातली एक निवडायला वेगळा पुरावा लागतो. हेतू पुरत नाही, कारण हेतू पाचांनाही आहे.

त्या दालनातल्या हकिगतीबद्दलही हाच प्रश्न विचारा: हे आपल्याला कळलं कुणाकडून? नारायणराव मेले. चाफाजी मेला. वाड्यात नोकरचाकर होते, आरडाओरडा त्यांनी ऐकलाही असेल. पण आत काका-पुतण्यांत काय झालं, दादा खरंच मध्ये पडले का, हे जवळून पाहिलेले जे जिवंत उरले, ते आरोपी होते. 'काका मला वाचवा' ही हाक आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. ती दिलीही गेली असेल. पण तुमच्या वहीत तिच्यापुढे 'प्रत्यक्ष ऐकणारे कोण?' असं लिहा. आणि वाड्यातून रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांच्या गोष्टी ऐकाल तेव्हा एवढं आठवा की खून दिवसाढवळ्या, दुपारी झाला होता.

गोष्टीने कुणाचं काम केलं

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा.

रामशास्त्र्यांनी खुनाची चौकशी केली. निष्कर्ष थेट राघोबादादांच्या तोंडावर सांगितला: याला प्रायश्चित्त एकच, देहान्त. आणि मग पुणे सोडून गेले. पुढे नाना फडणवीसांच्या कारभारात ते परत आले. सत्ताधाऱ्याला तोंडावर असं सांगणारा न्यायाधीश म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे.

पण नीट पाहा, देहान्त सांगितला तो कुणाला? राघोबादादांना. 'मी फक्त धरा म्हणालो होतो' हा बचाव न्यायाधीशासमोर होता, आणि तरीही. कारण तर्क साधा आहे. हत्यारबंद, पगारासाठी खवळलेल्या शिपायांना पेशव्यावर सोडणारा माणूस पुढे जे होईल त्याला जबाबदार असतो, चिठ्ठीत अक्षर कुठलंही असो.

म्हणजे तेव्हाच्या न्यायाधीशाने बोट ठेवलं पुरुषावर, आणि आपल्या वाक्प्रचारात राहिली बाई. 'ध चा मा' या गोष्टीचं काम काय, असं विचारलं तर उत्तर येतं: ती दोष एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकवते. काका दुबळा होता, लोभी होता, पण खुनी नव्हता. खुनी त्याची बायको. घरातलं रक्त घरातल्या रक्ताने सांडलं नाही, बाहेरून आलेल्या सुनेने सांडवलं. हे ऐकायला घराला बरं वाटतं. माझी आजी आळीत जो निकाल द्यायची, तो हाच होता. भाऊ चांगले, बायकोने कान भरले. अजूनही आमच्याकडे वाटणीचे वाद याच एका वाक्याने झाकले जातात, आणि ते वाक्य ज्या मुलीच्या वाट्याला येतं ती आयुष्यभर त्याच नावाने ओळखली जाते.

मग ही गोष्ट आपल्या डोक्यात इतकी घट्ट कशी बसली? खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' नाटक १९०९ चं. प्रभातचा 'रामशास्त्री' चित्रपट १९४४ चा. असली नाटकं-चित्रपट पिढ्यान्पिढ्या पाहिले गेले. रंगभूमीला कारस्थान चेहऱ्यात दाखवावं लागतं, कागदाच्या पाच शक्यता तिथे दाखवता येत नाहीत. नाटककाराचा तो दोष नाही. दोष आपला, आपण नाटकाला संदर्भ समजलो.

आणि दुसऱ्या बाजूचंही बघा. खुनानंतरची सत्ता शेवटी बारभाईंच्या हाती गेली, म्हणजे राघोबादादांच्या विरोधकांच्या. डफ ज्या कंपनीचा नोकर, त्या कंपनीने राघोबादादांची बाजू घेऊन युद्ध केलं होतं. प्रत्येक कागदाला एक घर असतं. कागद वाचताना ते घर कुणाचं, हे आधी विचारायचं. कागद फेकायचा नाही, त्याचं वजन ठरवायचं.

उलट्या टोकाला जाऊ नका

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, 'म्हणजे आनंदीबाई निर्दोष!' थांबा. मी तसं म्हटलेलं नाही. 'पुरावा नाही' आणि 'घडलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. परीक्षानळीत अवक्षेप दिसला नाही म्हणजे आयन नाहीच असं नसतं. कदाचित आपल्या चाचणीला दिसेल एवढा तो नसेल. आनंदीबाईंना कटाची कल्पना असू शकते, त्या सामील असू शकतात. पण 'असू शकते' हे 'केलं' होत नाही.

मग प्रामाणिक वाक्य कसं लिहायचं? मी असं लिहीन: 'नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी केला, त्यांना धरण्याचा हुकूम दिल्याचं रघुनाथरावांनी कबूल केल्याचं सांगितलं जातं आणि रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी धरलं, हुकुमात आनंदीबाईंनी बदल केला अशी परंपरागत समजूत आहे, तिला आधार देणारा मूळ कागद आज उपलब्ध नाही.' वाक्य लांबलं, रंग गेला. पण यातल्या प्रत्येक तुकड्यामागे उभं राहता येतं.

माझी स्वतःची 'आनंदीबाई'

हे सगळं मी शहाणपणाने शिकले नाही, चूक करून शिकले. प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मी एका उत्प्रेरकाच्या कार्यक्षमतेचा एक आकडा दिला होता. पाठीशी पाच पेपर. सरांनी पेन्सिलीने त्या आकड्याभोवती गोल केला आणि विचारलं, "पाच का एक?" मला प्रश्नच कळला नाही. दोन दिवस मागे मागे जात राहिले तेव्हा कळलं. पाचही पेपरांनी तो आकडा एकाच जुन्या पेपरातून घेतला होता. त्या जुन्या पेपरात आकडा होता, पण वेगळ्या तापमानाचा, आणि त्याच्याआधी 'अंदाजे' लिहिलेलं होतं. पहिल्याने उचलताना 'अंदाजे' गळलं, दुसऱ्याने तापमान गाळलं, आणि माझ्यापर्यंत आला तेव्हा तो आकडा सत्य होऊन बसला होता. पाच साक्षीदार नव्हतेच, एकाच साक्षीचे पाच प्रतिध्वनी होते.

'सगळे मानतात'मधलं 'मानतात' गळून पडतं, ते असंच.

वहीत उतरवून घ्या

पुढच्या वेळी आढावा लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे चार रकाने आखा.

पहिला: हे कुणी स्वतः पाहिलं किंवा मोजलं? नाव आणि वर्ष. ते सापडेपर्यंत मागे जायचं.

दुसरा: पाहणाऱ्यापासून माझ्यापर्यंत किती हात? प्रत्येक हातात कोणता शब्द गळला?

तिसरा: हे विधान खरं ठरल्याने कुणाचं काम होतं? इतिहासात घराण्याचं, आपल्याकडे कधी कंपनीचं, कधी आपल्याच आवडत्या गृहीतकाचं.

चौथा: याच पुराव्यातून दुसरं काय निघू शकतं? निदान दोन पर्याय लिहिल्याशिवाय हा रकाना भरला असं समजायचं नाही.

सराव म्हणून 'आनंदीबाईंनी ध चा मा केला' हे वाक्य घ्या आणि चारही रकाने स्वतः भरा. मूळ साधनांपर्यंत जायची हौस असेल तर राजवाड्यांनी काढलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड आहेत, सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे खंड आहेत, पुण्यात पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. विज्ञानवाल्यांनी एकदा तरी तिथली धूळ खावी. मोडीचा एक कागद वाचायला किती वेळ लागतो हे पाहिलं की 'सगळ्यांना माहीत आहे' असं लिहिताना हात आपोआप थांबतो.

आजी आता नाही. तिच्याशी हा वाद घालायचा राहूनच गेला. घातला असता तर ती म्हणाली असती, "तू तिथं होतीस का गं?" आणि मी म्हणाले असते, "नाही आजी. तू तरी होतीस का?"